अप्पांचा रस्ता मोजणारा बीम

मित्रांनो, मला भिंतीला टेकलेला पाहून पुष्कळ जण विचारतात, "या शिडीच्या पायऱ्या कुठे गेल्या?" मी शिडी नाही. कपडे वाळत घालायची काठीही नाही, जरी या क्षणी माझ्या अंगावर दोन टॉवेल आणि एक चादर पसरलेली आहे आणि चादरीतले पाणी थेंब थेंब माझ्या सांध्यात उतरते आहे. मी एक जुना बीम आहे. वजन आले की रस्ता किती दबतो, ते मी सांगतो. म्हणजे सांगत असे. आता मला कोणाला काही सांगायला तोंड राहिलेले नाही. माझे घड्याळ काढून नेले आहे हे खरे, पण मी म्हणतो ते त्यामुळे नाही.

तुम्ही म्हणाल, रस्ता कुठे दबतो? रस्ता तर दगडासारखा. जन्मल्यावर मलाही तसेच वाटले होते. माझा जन्म एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांबट खोली, दोन लेथ, ते चालवणारा एक माणूस आणि एक म्हातारे मिस्त्री. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमची लांब नळी घेऊन तिला पुढे निमुळती चोच काढली, मध्ये फिरता खिळा बसवला, खाली पाय दिले आणि शेपटीपाशी एक गोल घड्याळ लावले. वेळ दाखवणारे घड्याळ नव्हे. केसाएवढी हालचाल झाली तरी त्याचा काटा ती मोठी करून दाखवतो. बागेतला सी-सॉ तुम्ही पाहिला असेल. एक टोक खाली गेले की दुसरे वर येते. माझे सगळे शहाणपण तेवढेच आहे.

घडवून झाल्यावर मिस्त्रींनी मला आपल्या जाड लाकडी टेबलावर ठेवले. त्या टेबलावर ते ऐरण ठेवून ठोकाठोकी करत, इतके ते दणकट होते. त्यांनी माझ्या चोचीजवळ नुसता पंजा दाबला आणि घड्याळाकडे बोट दाखवले. काटा हलला होता.

"बघ," ते लेथवरच्या माणसाला म्हणाले, "दबत नाही असं जगात काही नाही. हा फक्त चहाडी करतो."

चहाडी हा शब्द मला तेव्हा लागला नाही. उलट मी मनातल्या मनात फुगलो. आपल्यापुढे कोणाचे काही लपणार नाही, या विचाराने लहान वयात फार बरे वाटते.

रस्त्याच्या खात्यात मला नोकरी लागली. माझे काम असे चाले. एका ट्रकमध्ये ठरलेले वजन भरत. ट्रकला मागे एकेका बाजूला जोडीची दोन चाके असतात ना, त्यांच्या मधल्या फटीत माझी चोच सारत आणि रस्त्यावर टेकवत. ट्रकच्या भाराने तिथला रस्ता बशीसारखा दबलेला असे. मग ट्रक हळूच पुढे जाई. ओझे उतरले की रस्ता वर येई, त्याच्याबरोबर माझी चोच वर येई आणि घड्याळाचा काटा फिरे. काटा थोडा फिरला तर रस्ता भक्कम. खूप फिरला तर डांबराखाली, खडीखाली, नाहीतर त्याच्याही खालच्या मातीत काहीतरी दुखते आहे असे समजायचे. डॉक्टर पोट दाबून विचारतात तसेच हे. खणायचे नाही, फोडायचे नाही, रस्त्याला ओरखडासुद्धा काढायचा नाही. याचा मला भारी अभिमान होता.

माझे घड्याळ वाचायला एक गृहस्थ होते. त्यांना सगळे भिंगवाले म्हणत, कारण खिशात पेन नसले तरी भिंग असे. ते भर उन्हात रस्त्यावर पालथे पडत, घड्याळाला बोटाने टिचकी मारत, म्हणजे काटा कुठे अडकला असेल तर सुटावा, आणि डोळा लावून आकडा ओरडत. येणारेजाणारे विचारत, "काय हरवलं हो?" भिंगवाले पाठीवर हात ठेवून उठत आणि म्हणत, "कंबर." लोक हसत. मला मात्र त्या हसण्याची लाज वाटे. एवढे मोठे काम, आणि लोकांना तमाशा वाटावा. आज वाटते, त्या बारीकसारीक लाजा म्हणजे काहीच नव्हत्या.

खात्यातल्या ज्या इंजिनीअरकडे माझा ताबा होता, त्यांना सगळे बाई म्हणत. बाई हुशार, कामाला चोख आणि जराशा फटकळ. मी इतका लांब की कचेरीच्या कुठल्याच खोलीत सरळ मावेना. तिरका ठेवला तर शिपाई दर खेपेला अडखळे. शेवटी बाईंनी मला आपल्या घरी नेले. घराच्या बाजूने एक अरुंद बोळ होता, वर पत्रा, खाली फरशी. तिथे भिंतीला दोन खुंट्या ठोकून मला आडवा ठेवला. घरात दोघेच राहत, बाई आणि त्यांचे वडील. वडिलांना गल्ली अप्पा म्हणे, म्हणून मीही अप्पाच म्हणतो.

अप्पांनी आयुष्यभर रस्ते बांधले होते. घरासमोरचा रस्ता त्यांचा शेवटचा. त्याला कागदोपत्री काहीतरी नाव होते, पण गल्लीतले सगळे "अप्पांचा रस्ता" असेच म्हणत. दुसरे म्हातारे सकाळी उठून आभाळ बघतात, अप्पा रस्ता बघत. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात आणि कुठे खडी सुटली असेल तर बुटाने सारखी करत. फिरून आले की बोळात स्टूल टाकून माझ्यापाशी बसत. माझ्या खिळ्यात तेल सोडत, चोच फडक्याने पुसत, घड्याळाच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून ती चकचकीत करत. "काय लंबू," ते म्हणत, "काल कुणाकुणाची अब्रू घेऊन आलास?" मिस्त्री माझ्याविषयी बोलले होते, माझ्याशी बोलणारे अप्पाच पहिले. खरे सांगतो, मी खात्याचा होतो, पण मनाने अप्पांचा झालो होतो.

मग बाईंनी गाडी घेतली. घराचे फाटक आणि रस्ता यांच्यामध्ये उघडे गटार होते. रस्ता बांधताना अप्पांनीच ते दोन्ही कडांना काढले होते, चांगले खोल, म्हणजे पावसाचे आणि न्हाणीघरांचे पाणी रस्त्याच्या पोटात न शिरता परस्पर निघून जावे. आता गाडी काही उडी मारून आत येणार नव्हती. बाईंनी एका सुटीत गटारावर सिमेंटचा उतार घालून घेतला आणि पाणी जायला त्याच्या पोटातून एक बारीक नळ टाकला. अप्पा दारात उभे राहून बघत होते. एकदा त्यांनी तोंड उघडल्यासारखे केले, पण मग चष्मा पुसत आत गेले.

मला तो उतार फारच आवडला. आधी मला बाहेर काढताना दोघे जण गटारावरून लंगडी घालत आणि माझी शेपटी फाटकाला आपटे. आता मी सुळकन रस्त्यावर जाऊ लागलो. गल्लीनेही उतार पाहिला. इंजिनीअर बाईंनी केले म्हणजे बरोबरच असणार, असे म्हणून बेकरीवाल्याने दुकानापुढे उतार घातला, मग शिंप्याने, मग दवाखान्याने. कोणी खाली नळ बसवला, कोणी तेवढाही त्रास घेतला नाही. बघता बघता घरांच्या रांगेपुढचे गटार नावापुरते उरले. गल्ली मात्र नीटनेटकी दिसू लागली, आणि सगळे एकमेकांना तसे सांगू लागले.

काही वर्षे अशी गेली. मग मोठ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला निघाला. तोवर जड ट्रक कुठून न्यायचे? नकाशात बघून वरच्या साहेबांनी अप्पांच्या रस्त्यावर बोट ठेवले. पण आधी रस्ता तपासायला हवा. बाई साहेबांना म्हणाल्या, तो रस्ता माझ्या वडिलांनी बांधला आहे, तपासणीला दुसऱ्या कोणाला पाठवा. साहेब म्हणाले, बीम एकच आहे आणि तो नीट चालवणाऱ्याही तुम्ही एकट्याच. आणि काट्याला काय कळते कोणाचा बाप कोण ते.

गल्लीला ही बातमी लागली तेव्हा अप्पांची कॉलर ताठ झाली. आपल्या रस्त्यावर एवढा भरवसा टाकतात म्हणून नव्हे, तर आता तो भरवसा मोजून दाखवता येणार म्हणून. संध्याकाळी ते बोळात आले. माझी चोच त्यांनी आरशासारखी केली. "लंबू, मी तुला लाज राखायला सांगत नाही हं," ते म्हणाले. "जे असेल ते सांग." ज्याला खात्री असते तोच असे बोलतो. मलाही खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा इस्त्रीचा सदरा घालून रस्त्याच्या कडेला उभे होते. निम्मी गल्ली त्यांच्या मागे उभी. बेकरीवाल्याने चहाचा ट्रे आणला होता. पहिली जागा बेकरीसमोरचीच होती. माझी चोच चाकांच्या फटीत गेली, भिंगवाले पालथे पडले, टिचकी मारली, ट्रक सुटला. काटा थोडासाच फिरला. भिंगवाल्यांनी आकडा ओरडला. आकडा लहान म्हणजे रस्ता चांगला, एवढे एव्हाना सगळ्यांना पाठ झाले होते. दुसऱ्या जागीही आकडा लहान. तिसऱ्या जागीही लहान. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच. "अप्पा, हा रस्ता नाही, लोखंड आहे," शिंपी म्हणाला. अप्पांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. मला वाटले, माझ्या जन्माचे सार्थक झाले.

पण मित्रांनो, काटा थांबला नव्हता.

हे जरा नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथेच फिरते. ट्रक थोडा पुढे गेला की रस्ता आपल्या जागी येतो आणि काट्याने थांबायला हवे. त्या दिवशी तो थांबला नाही. ट्रक पार कोपऱ्यापर्यंत जाईतो तो मुंगीच्या पावलाने सरकत होता. याचा अर्थ एकच. दबलेल्या रस्त्याची ती बशी इतकी पसरट होती की माझे स्वतःचे पायसुद्धा तिच्यातच उभे होते. चोच खाली गेली होती, आणि तिच्याबरोबर पायही खाली गेले होते. होडीत बसलेल्याला होडी पाण्यात किती उतरली ते कसे कळणार? म्हणून माझा आकडा लहान आला होता. आणि बशी पसरट होते कधी, तर वरचे थर धड असून तळाची माती मऊ पडते तेव्हा.

बाईंना हे माहीत होते. म्हणूनच त्या दर जागी काटा दोनदा वाचायला लावत, एकदा ट्रक जवळ असताना आणि एकदा तो लांब गेल्यावर. दोन आकड्यांत फरक पडला तर एक वेगळा हिशेब करायचा असतो. तो त्यांनी ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून केला. मी रस्त्यावरून बघत होतो. त्यांचे पेन थांबले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केला. पेन पुन्हा तिथेच थांबले. पलीकडे अप्पा चहा पीत होते आणि कशाला तरी मोकळेपणाने हसत होते. बाई त्यांचा कप रिकामा होईपर्यंत बोलल्या नाहीत. तेवढाच उशीर त्यांनी केला, आणि तो त्यांच्या तोंडावर दिसत होता.

"अप्पा, हिशेब व्हायचा होता अजून," त्या म्हणाल्या. "बीमचे पायही दबत होते. खरा आकडा जवळजवळ दुप्पट आहे."

"म्हणजे?" अप्पांनी विचारले.

"जड गाड्या इथून नेता येणार नाहीत. खालची माती गेली आहे."

बेकरीवाल्याने कप गोळा केले, काहींच्या हातातले अर्धे भरलेलेही, आणि ट्रे आत नेला. टाळ्या वाजवलेले हात काय करावे ते न कळून खिशात गेले. अप्पा तसेच उभे राहिले. मग "बरं" एवढेच म्हणून ते घराकडे चालू लागले, रस्त्याच्या मधून नव्हे, अगदी कडेकडेने.

लोकांना आकडा कळायला वेळ लागतो, पण आकड्यावरून माणूस कळला असे वाटायला लागत नाही. बोळाच्या भिंतीपलीकडे नळावर बायका बोलत, ते मला ऐकू येई. मुरूम खाल्ला असणार म्हातारबुवांनी. पोटच्या मुलीलाच सांगावे लागले, आणखी काय पाहिजे. इतकी वर्षे मिरवत होता रस्ता रस्ता म्हणून. हे बोलणारे तेच होते ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अप्पांचे सकाळचे फिरणे बंद झाले. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा असे ज्याला म्हणतात तो मीच, असे मला वाटू लागले. ज्याने मला तेलपाणी केले, त्याचीच मी चारचौघांत मापे काढली होती. आधी खोटा गोड आकडा सांगून त्याला चढवले, आणि मग खाली पाडले.

आणि तरीही दुसऱ्या सकाळी अप्पा तेलाची बाटली घेऊन बोळात आले. स्टूल टाकले, खिळ्यात तेल सोडले, चोच पुसली. लंबू अशी हाक तेवढी मारली नाही. त्यांनी मला लाथ घातली असती तर बरे झाले असते, इतकी मला त्या फडक्याची लाज वाटली.

बाई आतल्या आत कुढत होत्या. तळाची माती गेली हे कळले होते, पण का गेली ते कुठे कळले होते? एका सुटीच्या दिवशी त्यांनी भिंगवाल्यांना आणि ट्रकवाल्याला विनंती करून बोलावले आणि मला पुन्हा रस्त्यावर काढले. या वेळी त्यांनी आख्खा रस्ता मोजला. मुलांच्या मैदानापाशी, जिथे कोणाचे दार नाही, म्हणून कोणाचा उतार नाही आणि गटार उघडे आहे, तिथे काटा थोडा फिरला आणि थांबला. ट्रक कोपऱ्यावर गेला तरी हलला नाही. रस्ता तोच, बांधणारा तोच, रोलरही तोच. घरांच्या रांगेपुढे आलो की काटा पुन्हा सरकू लागे. सगळ्यांत जास्त तो आमच्याच फाटकापुढे सरकला.

बाई उतारावर बसल्या. मग वाकून त्यांनी खालच्या नळाच्या तोंडात बोटे घातली. कुजलेल्या पानांचा लगदा निघाला आणि मागोमाग काळे पाणी. पाऊस होऊन कितीतरी दिवस झाले होते. ते गल्लीतल्या न्हाणीघरांचे पाणी होते. वाट नव्हती म्हणून ते रोज रस्त्याच्या पोटात मुरत होते. भिंगवाले भिंग पुसत राहिले. बाईंचे कान लाल झालेले मला दिसले. मीही त्याच उतारावरून सुळकन उतरत आलो होतो, हे मला तेव्हा आठवले.

संध्याकाळी बाई बोळात आल्या. अप्पा स्टुलावर बसले होते.

"अप्पा, रस्ता तुमच्यामुळे गेला नाही. माझ्या उतारामुळे गेला."

अप्पा माझी काच पुसत होते. ते पुसतच राहिले. "माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तू तो करंगळीएवढा नळ टाकलास तेव्हाच वाटलं होतं, तुंबणार म्हणून. पण म्हटलं, इंजिनीअर ती आहे. आणि गाडीची हौस केवढी होती तुला. रस्ता तेवढं सोसेल असं वाटत होतं, आकडा ऐकला तेव्हा उमगलं."

"आणि लोक इतकं बोलले तरी गप्प बसलात?"

"काय सांगणार होतो? माझा रस्ता चांगला आहे, माझी मुलगी चुकली, असं?" अप्पांनी फडके घडी घातले. "राहू दे. माझी नोकरी संपली आहे. तुझी चालू आहे."

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या रडल्या नाहीत. "मी तुमच्या आड लपू?" एवढेच त्यांनी विचारले. अप्पांची मान वाकली. त्यांनाही लाज वाटत होती, हे मला त्यांच्या वाकलेल्या मानेवरून कळले. नळ तुंबणार हे दिसत होते आणि ते बोलले नव्हते. लेक शिकली, मोठी झाली, आता आपण काय सांगायचे, असे म्हणून ज्ञान गिळून बसलेला बाप होता तो.

बाईंनी कचेरीत सगळे आपल्या तोंडाने सांगितले आणि फाटकापुढचा रस्ता खणून बघायची परवानगी मागितली. मजूर आले त्या सकाळी त्यांनी आधी कुदळ स्वतः घेतली आणि आपल्या उतारावर घातली. हात सवयीचे नव्हते, पहिला घाव उसळून परत आला. गल्ली जमली होतीच. पुन्हा चहाचा ट्रे मात्र कोणी आणला नव्हता.

"माझ्या गाडीसाठी मी गटार बुजवलं," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझं बघून तुम्ही बुजवलं. अप्पांच्या रस्त्यात काही खोट नाही. खणून दाखवते."

खड्डा खणला. डांबर, त्याखाली खडी, त्याखाली मुरूम. बेकरीवाल्याच्याच हातात टेपचे एक टोक दिले आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगितले. प्रत्येक थर हवा तेवढा होता, मुरूम तर चांगला चार बोटे जास्त. तो वाचत गेला तसतसा त्याचा आवाज खाली खाली जात राहिला. मुरमाच्या खाली मात्र माती अशी ओली होती की मजुराची पहार तिच्यात आपोआप रुतली आणि खड्ड्याच्या कडेतून पाणी पाझरू लागले.

मी शेजारी जमिनीवर पडून हे बघत होतो. आयुष्यभर मी मिरवले की मी न खणता सांगतो, न फोडता सांगतो. आणि एका भल्या माणसाची अब्रू परत मिळवायला शेवटी त्याचा रस्ता फोडावाच लागला, कारण किती दबला ते मी सांगितले, पण का ते मला सांगता आले नाही. माझ्यासारख्या यंत्राला लाज हीच.

अप्पा बाहेर आले. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यांनी खड्ड्यात वाकून आपल्याच हातचे थर पाहिले, एकेका थरावरून बोट फिरवले. लोक त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते कोणाला काही बोलतील, चार शब्द सुनावतील, आणि मग आपण सुटू, असे सगळ्यांना वाटत होते.

"खड्डा नीट बुजवा," अप्पा मजुरांना म्हणाले. "एकदम लोटू नका. थराथरानं, कुटून."

बेकरीवाला हळूच म्हणाला, "अप्पा, चहा पाठवू का घरी?"

"पाठव," अप्पा म्हणाले. "आणि तुझ्या दारातला उतार कधी फोडतोस तेही सांग."

उतार फुटले. काही कुरकुरत फुटले, शिंप्याचा तर कचेरीतून दोनदा माणूस आल्यावर फुटला. त्यांच्या जागी उचलून काढता येतील अशा लोखंडी जाळ्या आल्या. जड ट्रक लांबच्या वाटेने गेले. एक पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गेला, आणि बाईंनी मला पुन्हा फाटकापुढे टेकवले. त्यांनी अप्पांना घड्याळ वाचायला बोलावले. अप्पा आले, पण माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. ट्रक सुटला, कोपऱ्यापर्यंत गेला.

"थांबला का?" अप्पांनी मागे न बघता विचारले.

"थांबला," बाई म्हणाल्या.

रस्ता पूर्ण बरा झाला नव्हता, पण माती आवळली होती. अप्पांनी मान हलवली. त्या चहाच्या सकाळी हसले होते तसे ते हसले नाहीत. फिरायला मात्र जाऊ लागले, गटाराच्या कडेकडेने, काठीने जाळीतली पाने उकरत. लोक त्यांना लांबूनच, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात नमस्कार करत. अप्पा हळू आवाजात परत करत. पण "माझा रस्ता" असे त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकले नाही.

आता खात्यात नवे यंत्र आले आहे. ते रस्त्यावर एक वजन धपकन पाडते आणि लांबवर पसरलेल्या कानांनी आख्खी बशी एका क्षणात ऐकून घेते. त्याचे पाय बशीत अडकत नाहीत. त्याचा मला हेवा वाटत नाही. फक्त त्यालाही कोणी सांगून ठेवावे असे वाटते, की तुझाही आकडा म्हणजे निकाल नव्हे. अप्पा गेले त्यालाही बरीच वर्षे झाली. बाई निवृत्त झाल्या आहेत. अधूनमधून त्या बोळात येतात, माझ्या चोचीला हात लावतात आणि परत जातात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. कोणाचा तरी आकडा तुमच्या कानावर पडेल. रस्त्याचा असेल, एखाद्या माणसाचा असेल, तुमच्या बाकावरच्या मित्राचाही असेल. तो चांगला असला तर लगेच टाळ्या पिटू नका आणि वाईट असला तर लगेच तोंड फिरवू नका. मला फक्त किती ते कळते. का ते तुम्हाला कळू शकते, कारण तुम्हाला वाकता येते. वाका, आणि त्याच्या कडेचे गटार कोणी बुजवले आहे ते बघा. पण त्याच्याही आधी आपल्या दारातले बघा.